दारातला दुकानदार आणि पडद्यावरची बाजारपेठ : ग्राहक सेवेचा एक अभ्यास

बँकांच्या जुन्या शाखांमध्ये महात्मा गांधींच्या नावाने लावलेला एक फलक अनेकांनी पाहिला असेल. ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा तो मजकूर असतो. गांधीजींच्या लेखनात त्याचा आधार सापडत नाही, असे अभ्यासक सांगतात. मजकूर कोणाचाही असो, त्यातील विचार मात्र खरा आहे, आणि बँकेच्या शाखेइतकाच तो कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला व दूरच्या शहरातून माल पाठविणाऱ्या संकेतस्थळालाही लागू पडतो. ‘ग्राहक सेवा’ हा शब्द दोघेही वापरतात. परंतु दोघांच्या लेखी त्याचा अर्थ एक नाही. हा फरक कोठून निर्माण होतो आणि व्यवहार बिघडला असता ग्राहकाच्या पदरात काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट ठरेल. हसतमुखाने स्वागत, नम्र भाषा, चहापाणी, आकर्षक वेष्टन या साऱ्याला सौजन्य म्हणता येईल. सौजन्य हवेच, पण सेवेची खरी कसोटी माल सदोष निघतो, पैसे अडकतात किंवा वस्तू पोहोचतच नाही, तेव्हा लागते. अशा वेळी उत्तर देणारा कोण, त्याला निर्णय घेण्याचा अधिकार किती, आणि तो निर्णय किती दिवसांत घेतो, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

वाण्याची वही

आपल्या देशातील मध्यमवर्गीय कुटुंबाचा किराणा कित्येक पिढ्या एका यादीवर चालत आला. महिन्याच्या आरंभी यादी दुकानात द्यावयाची, दुकानातल्या मुलाने पोते व पिशव्या घरी आणून टाकावयाच्या, आणि पगार झाल्यावर हिशेब चुकता करावयाचा, ही पद्धत मुंबईच्या चाळीत जशी होती तशीच इंदूर, बडोदे, बेळगाव येथील मराठी वस्त्यांतही होती. घरपोच सेवा, उधारीची सवलत आणि ग्राहकाच्या आवडीनिवडीची नोंद या तिन्ही गोष्टी आज ई-वाणिज्याची वैशिष्ट्ये म्हणून सांगितल्या जातात. वाण्याकडे त्या होत्याच. फरक एवढाच की नोंद संगणकात नसून त्याच्या डोक्यात होती. कोणत्या घरी कोणता तांदूळ लागतो, कोणाच्या घरी मधुमेही आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, हे त्याला ठाऊक असे.

त्याच्या सेवेचे बळ निर्णयाच्या स्वातंत्र्यात होते. डाळीत खडे निघाले तर ती बदलून देण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नसे. ओळखीच्या ग्राहकाला तो पावतीशिवाय वस्तू बदलून देई. घरात आजारपण आले तर उधारीची मुदत आपणहून वाढवी. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली त्या पहिल्या काही दिवसांत अनेक मोठ्या किराणा संकेतस्थळांवर घरपोच सेवेची वेळच उपलब्ध होत नव्हती. तेव्हा लाखो घरांची चूल शेजारच्या दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरवर अवलंबून होती, ही आठवण अजून ताजी आहे.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे व ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुकानदाराचे निर्णयस्वातंत्र्य ओळखीच्या ग्राहकाला जितके लाभते तितके अनोळखी माणसाला लाभत नाही. गावात नव्याने आलेले कुटुंब, भाषा न येणारा मजूर, एकटी राहणारी स्त्री यांना हाच दुकानदार निराळा भासू शकतो. उधारीचेही तसेच आहे. ती बिनव्याजी दिसते, पण जो ग्राहक दुकानदाराचे देणे लागतो त्याला वजनाविषयी वा भावाविषयी तक्रार करण्याचे धैर्य सहसा होत नाही. वहीतील शिल्लक त्याचे तोंड बंद करते. शिवाय पावती नाही म्हणजे पुरावा नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तर पिढ्यान्‌पिढ्या दुकानांच्या भिंतीवर मिरवत आली. पुणेरी दुकानांची दुपारची विश्रांती हा विनोदाचा विषय झाला खरा, पण कार्यालयातून अर्धी रजा टाकून आलेल्या ग्राहकाला त्यात विनोद दिसत नसे.

या पाटीविषयी कायद्याची भूमिका मात्र निःसंदिग्ध आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल परत घेण्यास व त्याचे पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत नमूद असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर ३० दिवसांत माल परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पावती न देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. म्हणजे भिंतीवरची पाटी कायद्यापेक्षा मोठी नाही. फक्त, रंग आवडला नाही किंवा मन बदलले, अशा कारणांसाठी हा अधिकार नाही. तेथे दुकानदाराच्या मर्जीवरच विसंबावे लागते.

विश्वासाची नवी रीत

भारतात संकेतस्थळांवरून किरकोळ विक्री करण्याचे प्रयोग १९९९ च्या सुमारास सुरू झाले, तरी त्यांना खरे बळ पुढील दशकात मिळाले. बंगळूरू येथे २००७ मध्ये फ्लिपकार्टची स्थापना झाली आणि आरंभी तेथे केवळ पुस्तके विकली जात. ॲमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात आपली बाजारपेठ उघडली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला.

या वाढीमागे स्वस्त भावांचा वाटा होताच. पण ग्राहक सेवेच्या दृष्टीने पाहिले तर दोन पावले अधिक निर्णायक ठरली. पहिले पाऊल वस्तू घरी आल्यावर रोख रक्कम देण्याच्या सोयीचे. फ्लिपकार्टने ती २०१० मध्ये सुरू केली. त्या काळी कार्ड थोड्यांकडे होते आणि ज्यांच्याकडे होते तेही त्याचा क्रमांक संगणकावर भरण्यास कचरत. पैसे आधी की वस्तू आधी, हा व्यापारातील जुना पेच आहे. विक्रेत्याने जोखीम स्वतःकडे घेऊन तो सोडविला. दुसरे पाऊल म्हणजे कारण फारसे न विचारता माल परत घेण्याचे लेखी धोरण. ओळख नसलेल्या, चेहरा न पाहिलेल्या ग्राहकालाही तेच नियम. गावातील दुकानात ज्याला मान मिळत नव्हता त्याला येथे ‘ऑर्डर क्रमांक’ मिळाला, आणि त्या क्रमांकाला जात, भाषा, पेहराव नव्हता. या समानतेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. आडगावातील विद्यार्थ्याला हवे ते पुस्तक व अपंग व्यक्तीला हवे ते उपकरण घरबसल्या मिळू लागले, हा लाभ स्थानिक दुकान देऊ शकत नव्हते.

यंत्र बिघडते तेव्हा

अडचण सुरू होते ती नियमाच्या चौकटीत न बसणाऱ्या प्रसंगी. इंदूर येथील एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण कल्पून पाहू. त्यांनी संकेतस्थळावरून कपडे धुण्याचे यंत्र मागविले व क्रेडिट कार्डावर सहा मासिक हप्ते करून घेतले. यंत्र आले, खोके शाबूत होते, पण जोडणी केल्यावर ते पाणी गाळू लागले. हेच यंत्र त्यांनी चौकातील दुकानातून घेतले असते तर त्या दुकानात जाऊन बसल्या असत्या. दुकानदाराने फोनवरून वितरकाशी हुज्जत घातली असती आणि आज नाही तर उद्या कारागीर पाठविला असता. उत्तरदायी माणूस एकच, आणि तो रोज समोर दिसणारा.

येथे मात्र त्यांच्या समोर सहा पक्ष उभे राहतात : संकेतस्थळ, त्यावर माल विकणारा प्रत्यक्ष विक्रेता, वाहतूकदार, उत्पादकाचे सेवा केंद्र, रक्कम स्वीकारणारी मध्यस्थ यंत्रणा आणि कार्ड देणारी बँक. संकेतस्थळ सांगते की आधी उत्पादकाच्या कारागिराने दोष प्रमाणित करावा. सेवा केंद्र म्हणते की दोष वाहतुकीतला आहे. तोवर माल परत करण्याची मुदत सरत येते. दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती अत्यंत विनम्र असते, प्रत्येक वेळी नवी असते, आणि तिच्या पडद्यावर जे पर्याय दिसतात त्यापलीकडे काही करण्याचा अधिकार तिला नसतो. वाण्यापाशी नोंद नव्हती पण अधिकार होता. येथे नोंद चोख आहे आणि अधिकाराचा ठावठिकाणा नाही.

ही फाटाफूट केवळ गलथानपणातून आलेली नाही; तिची मुळे धोरणात आहेत. परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार अशी गुंतवणूक असलेल्या ई-वाणिज्य कंपनीला सर्वसाधारणपणे स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने विक्रेता व ग्राहक यांना जोडणारी बाजारपेठ एवढेच राहावयाचे असते. २०१६ च्या प्रेस नोट ३ मध्ये ही चौकट आखली गेली, आणि विक्रीनंतर माल पोहोचविणे व ग्राहकाचे समाधान करणे ही जबाबदारी विक्रेत्याची राहील, असे तीत स्पष्टपणे म्हटले आहे. वस्तूच्या हमीचेही तसेच. २०१८ च्या प्रेस नोट २ ने, जी १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली, ही चौकट अधिक आवळली. लहान व्यापाऱ्यांचे हितरक्षण हा या नियमांचा एक हेतू होता. मात्र ग्राहक ज्या नावावर विश्वास ठेवून खरेदी करतो ते नाव एक आणि कायद्याने उत्तर देणारा दुसराच, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. ‘विक्रेता’ या शब्दापुढे बारीक अक्षरांत छापलेले नाव खरेदीपूर्वी वाचणारे ग्राहक किती असतील?

ही त्रुटी काही अंशी भरून काढण्याचे काम ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी केले. २३ जुलै २०२० रोजी ते अधिसूचित झाले. प्रत्येक ई-वाणिज्य कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करावयाचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि एक महिन्यात निवारण करावयाचे, असे बंधन त्यात आहे. वस्तू सदोष, बनावट, जाहिरातीशी विसंगत किंवा कबूल वेळेनंतर आलेली असेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. अपवाद केवळ नैसर्गिक आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणाने झालेल्या विलंबाचा. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत दिली. ‘केवळ एकच नग शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू वा शुल्क हळूच टोपलीत टाकणे, सदस्यत्व रद्द करण्याची वाट मुद्दाम किचकट ठेवणे हे त्यांपैकी काही. वाण्याने कागदी पिशवीचे वजन मालात धरण्याचाच हा आधुनिक अवतार, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हप्ते, परतावा आणि बँक

शिक्षिकेच्या उदाहरणात बँकेचा भाग सर्वांत कमी समजून घेतला जातो, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. हप्त्यांवर केलेली खरेदी म्हणजे दोन स्वतंत्र व्यवहार होत. एक, विक्रेता व ग्राहक यांच्यातील विक्री. दुसरा, बँक व ग्राहक यांच्यातील कर्ज. यंत्र परत गेले व विक्रेत्याने रक्कम परत केली तरी कर्ज आपोआप बंद झालेच असेल असे गृहीत धरता येत नाही. परतावा कार्ड खात्यात जमा होतो आणि हप्ता मात्र पुढील महिन्याच्या विवरणपत्रात पुन्हा दिसतो, असे घडू शकते. परताव्याचा पुरावा जोडून हप्ता योजना रद्द करण्याची लेखी विनंती बँकेला वेळीच केली पाहिजे. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांविषयीही सावध असावे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, अशी स्पष्ट भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळविली होती. आज अशा योजनांत सहसा व्याजाइतकी सूट किमतीत दिलेली असते. व्याज आकारले जातेच आणि त्यावर वस्तू व सेवा करही लागतो.

आणखी एक गल्लत शाखेतील काऊंटरवर वारंवार आढळते. खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याकडे व्यवहार पूर्ण झाल्याची नोंदच पोहोचली नाही, हा तांत्रिक बिघाड झाला. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार संकेतस्थळावरील कार्ड व्यवहारात किंवा यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या व्यवहारात असे झाल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यावयास हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाने ती मागण्याची वाट पाहावयाची नसते. परंतु रक्कम विक्रेत्याला नीट पोहोचली आणि वस्तू मात्र सदोष निघाली, तर तो मालाविषयीचा वाद झाला. तेथे हे परिपत्रक लागू होत नाही. कार्डाने पैसे दिले असल्यास अशा वेळी ‘चार्जबॅक’चा मार्ग असतो : ग्राहकाची बँक कार्ड यंत्रणेमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे रकमेची मागणी करते व विक्रेत्याला आपली बाजू मांडावी लागते. त्यासाठी ठरावीक मुदत असते. पावती, दोषाची छायाचित्रे, तक्रार क्रमांक व संकेतस्थळाशी झालेल्या संभाषणाची प्रत जो ग्राहक जपून ठेवतो त्याचे काम सोपे होते. शाखेतील कर्मचाऱ्याने ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगून अशा ग्राहकाला परत पाठविले तर त्याची मुदत टळू शकते. सहा पक्षांच्या त्या साखळीत बँकही मग एक बंद दार ठरते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

या साऱ्याहून गंभीर धोका आहे तो तक्रार करण्याच्या धडपडीतच. वैतागलेला ग्राहक इंटरनेटवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतो. शोधात वर दिसणारा क्रमांक कित्येकदा भामट्याने पेरलेला असतो. पलीकडचा माणूस आस्थेने चौकशी करतो, परतावा लगेच देतो म्हणतो, आणि एखादे ॲप मोबाईलवर घ्यावयास किंवा यूपीआयचा पिन टाकावयास सांगतो. पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी असतो, ही एक गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांची आयुष्यभराची बचत गेली आहे. यंत्राच्या १८ हजारांच्या परताव्यापायी निवृत्तिवेतनाचे खाते रिकामे व्हावे, हा या नव्या बाजारपेठेचा सर्वांत क्रूर भाग आहे. चौकातील दुकानदाराची तोतयागिरी करणे कोणालाही शक्य नव्हते. त्याचा चेहरा हाच त्याचा पुरावा होता. संपर्क क्रमांक घ्यावयाचा तर कंपनीच्या अधिकृत ॲपमधून किंवा पावतीवरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेला व १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे झालेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून बँकेच्या कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर दायित्व राहणार नाही, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिले. स्वतः पिन दिला असेल तर मात्र बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते.

दाद मागण्याचे मार्ग

दुकान लहान असो वा बाजारपेठ मोठी, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक दोहोंसाठी एकच आहे व तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदविता येते. ही यंत्रणा निवाडा देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. तरीही पुष्कळ तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. कंपनीचे मुख्यालय बंगळूरूला असले तरी इंदूरच्या शिक्षिकेला इंदूरमध्येच दाद मागता येते. वस्तूचे मोल ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही.

ग्राहक चळवळीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध येथे आठवतो. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी आला. मुंबई ग्राहक पंचायतीने तर घराघरांचे संघ करून एकत्रित खरेदी व वाटप सुरू केले. दुकानदाराचा जिव्हाळा आणि मोठ्या खरेदीतला भाव या दोहोंचा मेळ ग्राहकांनी स्वतःच घालून पाहिला, असा तो प्रयोग होता.

अलीकडे असाच मेळ तंत्रज्ञानाच्या आधारे घालण्याचा प्रयत्न सुरू आहे. ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’ ही नफा न कमविणारी कंपनी ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झाली. अनेक बँकांनी तिच्यात भांडवल गुंतविले. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बंगळूरू, भोपाळ, शिलाँग व कोइंबतूर येथे तिचे प्रायोगिक काम सुरू झाले. या जाळ्यात ग्राहक एका ॲपवर असतो, दुकानदार दुसऱ्या ॲपवर, माल पोहोचविणारा तिसराच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही त्यामुळे पडद्यावर जागा मिळू शकते. मात्र पक्षांची संख्या येथेही कमी होत नाही, आणि उत्तर कोणी द्यावयाचे हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतोच. त्यासाठी जाळ्यात तक्रार निवारणाची समान पद्धत आखली आहे : खरेदी ज्या ॲपवरून केली तेथेच ग्राहकाने तक्रार नोंदवावयाची, आणि ती दुकानदाराच्या ॲपपर्यंत पोहोचविणे हे त्या ॲपचे काम.